धरून बघा

"धरा की. चावत न्हाय," हौसेराव म्हणाले.

इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थांनी बॉनेटखाली वाकून दोन बोटांनी पाइप धरला. त्यांच्या भुवया वर गेल्या, मग तोंड थोडं उघडलं. पाइपावर दव जमलं होतं, ते त्यांच्या बोटांना लागलं.

"बर्फ आहे हो हा."

"झालं मग. बसा गाडीत. काचा लावून घ्या आता."

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागे, ट्रेलर उभे राहतात त्या रस्त्यावर हौसेरावांचा गाळा आहे. गाडीचा एसी दुरुस्त करणारे त्या भागात पैशाला पासरी. त्यातले निम्मे एकच विद्या शिकलेले, गाडी आली की गॅस भरायचा. गॅस गेला का, गेला तर कुठून गेला, हे विचारायचंच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हौसेराव त्यातले नव्हते, आणि आपण त्यातले नाही हे त्यांना स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. विनय हा त्यांचा गुण नव्हे. दुसऱ्याने बिघडवलेली गाडी समोर आली की ते एखाद्या वैद्यासारखे मान हलवत आणि म्हणत, "कुणी घातलं हे औषध?"

काम संपलं की गिऱ्हाइकाने स्वतः पाइप हातात धरून बघायचा, हा त्यांच्या गाळ्याचा रिवाज होता. त्याशिवाय बॉनेट खाली येत नसे. ड्रायव्हर मंडळींनी त्यांचं नावच 'धरा-काका' पाडलं होतं. माणूस सचोटीचा, आधी पुरावा देतो मग गाडी, असं लोक बोलत.

रिवाज मात्र जुना नव्हता. पूर्वी हौसेराव स्वतःच पाइपाला हात लावत, "झालं" म्हणत आणि बॉनेट आपटत. तो शब्द शेवटचा असे. मग साखर वाढली. आधी पावलं बधिर झाली, त्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही, पायाने कुठे एसी दुरुस्त करायचाय? मग बधिरपण बोटांत आलं. हातमोजे घातल्यासारखं वाटायचं आणि ते काढता यायचे नाहीत. एकदा कॉम्प्रेसरचा तापलेला पाइप त्यांनी मुठीत धरला, आणि भाजल्याचं कळलं ते नाकाला, कातडीच्या वासाने.

त्यानंतर त्यांनी "धरा" म्हणायला सुरुवात केली. गिऱ्हाईक पाइप धरायचं आणि हौसेराव गिऱ्हाइकाचं तोंड बघायचे. गारवा माणसाच्या तोंडावर लगेच उमटतो. खोटेपणा त्यात काही नव्हता, काम चोखच होत होतं. पण हे कुणाला सांगायची त्यांची छाती होत नव्हती. हाताला कळत नाही म्हटल्यावर या रस्त्यावर कोण गाडी लावेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि धंदा राहिला बाजूला, साताऱ्याकडून आल्यापासून आपण एकच गोष्ट केली, हात लावून ओळखायचं. तेच गेलं तर आपण म्हणून काय उरतं, असं संध्याकाळी शटर ओढताना मनात यायचं आणि त्यांना भीती वाटायची.

इस्त्रीचा शर्ट गेला आणि दीक्षाची टॅक्सी येऊन उभी राहिली. दीक्षा कामोठ्याची, गाडी तिची स्वतःची. एरवी हॉर्न वाजवत यायची, आज गप्प उतरली.

"काका, गारवाच धरत नाय बघा. तिकडं हायवेला दाखवली, त्यांनी दोनदा गॅस भरला. दोन दिवस बरी चालते, परत तेच."

"भरणारच. त्यांना दुसरं येतंय काय?"

"ऐका ना. उद्या पप्पांना गावी न्यायचंय, हिंगोलीला. हार्टचं ऑपरेशन झालंय त्यांचं. डॉक्टर बोलले, उन्हाचा त्रास अजिबात नको. मे महिन्यात, एवढा रस्ता, मध्येच एसी बसला तर मी काय करू? मला रात्री झोप नाय लागत."

"टेन्शन घेऊ नकोस. संध्याकाळी घेऊन जा."

"मी थांबत नाय, हॉस्पिटलातनं त्यांचे रिपोर्ट आणायचेत. येताना त्यांना घेऊनच येते." तिने चावी त्यांच्या हातात ठेवली. "तुमचा हात लागला की बास, काका."

ती रिक्षात बसून गेली. हौसेरावांनी गाडी चालू केली, एसी सोडला आणि गॅसचा दाब दाखवणारं गेज जोडलं. काटा खाली. गॅस कमी असला तरी काटा खाली जातो, आणि वाटेत कुठे कचरा अडकला तरी खालीच जातो. हायवेवाल्याने पहिलं धरलं होतं. हौसेरावांना दुसऱ्याचा संशय होता.

त्याची परीक्षा सोपी आहे. पुढच्या जाळीजवळ ड्रायर नावाची तांब्याएवढी बाटली असते, गॅस तिच्यातून गाळून पुढे जातो. बाटली साफ असली तर अलीकडचा आणि पलीकडचा पाइप सारखाच कोमट लागतो. चोक झाली असली तर पलीकडचा गारठतो. फरक तो एवढासाच, पण तो सापडला की सगळं सापडलं.

हौसेरावांनी दोन बोटं अलीकडे ठेवली, मग पलीकडे. काहीच नाही. डाव्या हाताने पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. लाकडाला हात लावावा तसं. त्यांनी मध्यंतरी लेझरचं थर्मामीटर आणलं होतं, ते काढलं. पण चकचकीत पाइपावर ते यंत्र दर खेपेला नवीन थाप मारायचं. त्यांनी ते ठेवून दिलं.

अंदाजाने ड्रायर बदलता आला असता. पण दोष तिथे नसला तर गाडी उद्या घाटात तापणार आणि आत तो आजारी माणूस असणार. शेजारच्या वेल्डरला हाक मारावी, तर संध्याकाळपर्यंत रस्ताभर झालं असतं. आयुष्यात पहिल्यांदा हौसेराव चालू इंजिनासमोर नुसते उभे राहिले.

तेवढ्यात उज्वलाबाई डबा घेऊन आल्या. रोज याच वेळेला त्या कामोठ्याहून शेअर रिक्षाने येत, डबा ठेवत, गाळ्यातला पसारा बघून नवऱ्याला चार शब्द सुनावत आणि परत जात. संसाराला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी कधी गाडीला हात लावला नव्हता. तो भाग नवऱ्याचा.

"अगं, इकडं ये जरा," हौसेराव म्हणाले. "बांगड्या वर सरकव. पदर खोच नीट, तिकडं पंखा फिरतोय."

"मी? मी काय करू त्यात?"

"हितं धर. आता हितं. काय लागतंय ते सांग."

उज्वलाबाईंनी घाबरत घाबरत हात घातला. "हे कोमट हाय. आंघोळीचं पाणी विसणल्यावर असतंय तसं." मग पलीकडे. "आणि हे गार की हो. माठाच्या पोटासारखं."

"नक्की?"

"मला माठ कळत न्हाय व्हय?"

"चोक!" हौसेरावांनी फडकं बॉनेटवर आपटलं. "ड्रायर चोक. आणि लोक गॅस भरत बसल्यात. अगं, नळी तुंबलीय आणि हे टाकी भरत्यात. नवीन ड्रायर टाकतो, व्हॅक्यूम मारतो, हिंगोलीच काय, दिल्लीला जाईल गाडी."

ते बोलत राहिले. जुना ड्रायर कसा काढणार, कुठल्या दुकानातून नवीन आणणार. बोलता बोलता फडकं उचलायला ते वळले, तर हात सुटेना. त्यांनी खाली पाहिलं. उज्वलाबाईंनी त्यांचा उजवा हात धरला होता आणि त्यांच्या तर्जनीच्या टोकात नख रुतवलं होतं, चांगलं खोल. चंद्रकोर उमटली होती.

"कवाधरनं?" त्यांनी विचारलं.

हौसेरावांनी हात काढून घेतला. मग उगाच स्पॅनर शोधायला लागले.

"मी काय विचारते?"

"गेल्या दिवाळीच्या आधीपासनं."

"म्हणून आंघोळीचं पाणी मला बघायला लावता. मी म्हटलं, म्हातारपणी लाडात आलाय नवरा." उज्वलाबाईंना हसू येत होतं की रडू, त्यांनाच कळेना. मग राग आला, आणि तो बरा वाटला. "परक्या माणसाला धरा म्हणता. रोज डबा घेऊन येते मी. मला सांगायला तोंड न्हवतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू दवाखान्यात नेलं असतं."

"मग? न्हेऊ नको?"

"डॉक्टर म्हनला असता, काम बंद करा."

उज्वलाबाईंनी डबा उघडला. "आधी जेवा. मग ड्रायर. उद्या सकाळी दवाखाना, आणि दुपारी मी हाय हितं. काम बंद करा असं डॉक्टरला मी म्हणूच देणार न्हाय."

हौसेराव जेवले. हे सगळं इतकं साधं होईल असं त्यांना वाटलं नव्हतं, त्यामुळे भाकरीचा घास जरा वेळ तोंडातच राहिला.

दुपार कामाची गेली. होता तो गॅस त्यांनी सिलिंडरमध्ये काढून घेतला. जुना ड्रायर निघाला, उलटा करून आपटला तर आतून काळी भुकटी पडली. ती त्यांनी कागदावर जपून ठेवली, आपलं बरोबर होतं हे दाखवायला त्यांना नेहमीच आवडे. नवीन बसवला, नळ्यांतली हवा ओढून घ्यायला व्हॅक्यूम पंप लावला. पंप चालू असताना घाई करायची नाही हे त्यांचं ठरलेलं. मग गॅस मोजून परत भरला. उज्वलाबाई स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या.

उन्हं उतरली तशी दीक्षा वडिलांना घेऊन आली. सिताराम हाडापेराने मोठा माणूस, आजाराने कपडे सैल झालेले. शर्टाच्या वरच्या बटणातून टाक्यांची रेघ दिसत होती. जन्म त्यांचा याच लोखंड बाजारात गेला होता, सळया आणि अँगल खांद्यावरून उतरवण्यात. रस्त्यावरचे दोघेतिघे हमाल त्यांना बघून उठून उभे राहिले.

"धरा बाबा," हौसेराव सवयीने म्हणाले. "गाडी तुमच्यासाठी हाय."

सितारामांनी आपले तळवे समोर धरले. चामड्याच्या वहाणेसारखे जाड, पिवळे पडलेले.

"ह्येला काई कळत न्हाई, मिस्त्री. थंड न्हाई, गरम न्हाई. लोखंडानं समदं खाल्लं."

किती वाजले असं विचारल्यावर सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. आजूबाजूला हमाल होते, मुलगी होती. त्यांना कुणाची लाज वाटली नाही.

"मग तुमाला कळतं कसं?" हौसेरावांनी जरा घाईनेच विचारलं.

"गाल लावतो की. नातवाचा ताप बी गालानंच बगतो."

ते पुढच्या सीटवर बसले, वाकून एसीच्या जाळीला गाल लावला आणि डोळे मिटले. दीक्षा खिडकीशी वाकून बघत होती. सिताराम बराच वेळ तसेच राहिले.

"दीक्षे," ते डोळे न उघडता म्हणाले, "पयल्या पावसात वट्यावर बसल्यावानी वाटतंय. चाल, जाऊ गावाला."

दीक्षाने तोंड फिरवलं आणि ओढणीने डोळे पुसले. निघताना सितारामांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "जय भीम, मिस्त्री."

"जय भीम, बाबा."

दोघांनी एकमेकांचे हात धरले. कुणाचा गार, कुणाचा गरम, ते दोघांनाही कळलं नसेल. तरी सोडायची घाई कुणालाच नव्हती.

त्यामागे केयूर नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाची गाडी होती, गॅस आणि सफाईचं नेहमीचं काम. ते उरकलं तशी केयूरने बाही वर केली आणि पुढे झाला. त्याला रिवाज पाठ होता.

"जरा थांबा," हौसेराव म्हणाले. शेजारचा वेल्डर ऐकत होता. त्यांनी आवाज कमी केला नाही. "माझ्या बोटांना आता कळत न्हाय. आधी आमची मंडळी बघंल, मग तुमी."

केयूर बाजूला झाला. वेल्डरने चष्मा वर केला, थोडं पाहिलं आणि पुन्हा खाली ओढला. उज्वलाबाईंनी मेथीचे हात पुसले, बांगड्या वर सरकवल्या, पदर खोचला.

"कुठं धरू?"

हौसेरावांनी त्यांचा हात धरून पाइपावर नेऊन ठेवला आणि वर आपलाही ठेवला.

"गार?"

"गार."

पाइपावरच्या दवाचा एक ओघळ उज्वलाबाईंच्या बोटांमधून वाट काढत हौसेरावांच्या मनगटावर आला. मनगटाला अजून कळत होतं. त्यांनी हात काढला नाही.