घरचंच तेल

त्या कारखान्यात वाळूतून तेल काढायचे. काळी चिकट वाळू कढत पाण्याच्या हौदात घोळली, की तेल सुटून वर यायचं. पाणी तापवायला बॉयलर, आणि बॉयलर पेटवायला तेच तेल. दहा पिंपं निघाली की सात हा बॉयलरच गट्ट करायचा. बॉयलरवाल्या बाईंना ते तोंडपाठ होतं, कारण त्याने गिळलेलं प्रत्येक पिंप एकोणीस वर्षं त्या स्वतःच वह्यांत लिहीत होत्या.

तपासणीच्या दिवशी सकाळीच साहेब कोरा तक्ता घेऊन हजर.

"बाई, इंधनाच्या रकान्यात शून्य घाला आणि सही ठोका."

"शून्य? मग हा काय हवेवर चालतो?"

"अहो, घरचंच तेल ते! बाहेरून आणलंय का? घरचं कोणी मोजतं का?"

बाईंना तिडीक आली. घरचं कोणी मोजत नाही, हे त्यांना संसाराने केव्हाच शिकवलं होतं. ते आता साहेबांकडून ऐकायचं म्हणजे अतीच झालं.

हौदावर काम करणारा नवरा कानाशी येऊन कुजबुजला, "कर ना सही. दोघंही इथेच कामाला. हे बंद पडलं तर खायचं काय, वाळू?"

खरं सांगायचं तर हा हिशेब बाईंनाही कळत होता. पण खोटी नोंद सापडली की बॉयलर चालवायचा परवाना रद्द, आणि अख्ख्या घरात बाईंच्या एकटीच्या नावावर असलेली वस्तू म्हणजे तो परवाना.

"साहेब, शून्य लिहायचं तर शून्यच जाळायला हवं."

"काय वाटेल ते करा, पण आकडा जुळवा!" साहेब टाय आवळत पाहुण्यांकडे पळाले.

बाईंनी आकडा जुळवला. बॉयलरच्या तेलाचा कॉक बंद केला.

तिकडे स्वागत झालं, साहेबांचं भाषण झालं, चहा झाला, पुन्हा चहा झाला. इकडे हौदात वरून गार वाळू पडतच होती. तपासनीस पोचले तेव्हा आत नुसता चिखल होता.

"तेल कुठंय?" त्यांनी विचारलं.

"आहे की, वाळूत," नवरा म्हणाला.

बाईंनी तक्ता पुढे केला. इंधन शून्य, तेल शून्य, खाली ठसठशीत सही. तपासनिसांनी तो दोनदा वाचला आणि एकोणीस वर्षांच्या वह्या मागवल्या. साहेबांचा चेहरा हौदातल्या पाण्यापेक्षा गार पडला.

संध्याकाळी फाटकाबाहेर नवरा म्हणाला, "गेली गं नोकरी. दोघांची."

"जाईल कदाचित," बाई म्हणाल्या. त्यांना फार हलकं वाटत होतं. "आज स्वयंपाक तुम्ही करा. मी मोजते."