मागची काच

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, आणि विष्णूला कोणी शिकवायला जात नाही. इंदुमतीबाईंनी उभ्या जन्मात कुठला नियम पाळला नव्हता इतका काटेकोरपणे हा नियम त्या दिवशी पाळला.

एरवी या विष्णूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. यतीन लातूरकडून दिल्लीला आला तो कलेक्टर व्हायला. चार वेळा परीक्षेला बसला, चारही वेळा आपटला, आणि मग जी परीक्षा स्वतःला सुटली नाही ती दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायला एका क्लासात लागला. तेव्हा इंदुमतीबाई आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात होत्या. घरचं जेवण मिळतं म्हणून हा दर रविवारी यायचा, आणि जेवता जेवता घरची मुलगीच घेऊन गेला. देवयानीसाठी बाईंनी मनात दोन अंडर सेक्रेटरी राखून ठेवले होते. ते तसेच राहिले.

बाईंचे यजमान तात्याराव रिटायर झाल्यावर नोएडात फ्लॅट घेतला. त्याच सुमारास त्यांनी आपल्या साहेबाची जुनी गाडी घेतली, चारही काचा बटणावर खालीवर होणारी. पण आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि गाडी खाली धूळ खात होती. तिकडे देवयानीला सातवा लागला होता. ती दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेला राहायची. तिथे बिल्डिंगा उभ्या राहिल्या होत्या, पण कोपऱ्यावर रिक्षा मिळायची नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलायचं काय असतं? बाईंनी खोली लावली होती, दुपटी शिवली होती, डिंक आणि अळीव आणून डब्यात भरले होते. आणि जावयाने जाहीर केलं, की बाळंतपण द्वारकेलाच होईल. त्याची आई लातूरहून येईल, डॉक्टरीण जवळच आहे, फक्त अवेळी दवाखान्यात न्यायला वाहन नाही.

तात्यारावांना वाटलं, आपण मोठी तोड काढली. अधिकाच्या वाणात जावयाला चांदीचा दिवा देण्याऐवजी त्यांनी गाडीच द्यायचं ठरवलं. बायकोला विचारलं नाही, सांगितलं. गाडी गेली की बाळंतपण गेलं, आणि नातवाचं पहिलं तोंड लातूरची विहीण बघणार, हे बाईंना तिथल्या तिथे कळलं. आता त्यांनी तोंड उघडलं असतं तर जग म्हणालं असतं, सासू जावयाला द्यायला मागेपुढे बघते.

वाणाच्या दिवशी सकाळी तात्याराव स्वतः गाडी पुसायला उतरले. बाई बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढत होत्या. ड्रायव्हरच्या दाराला आतून एक बारीकसं बटण होतं. पोरांनी मागच्या काचांशी खेळू नये म्हणून ते दाबायचं, की मागच्या दोन्ही काचा मुक्या. तात्यारावांचा ओला फडका त्या बटणावरून घसटला आणि ते खट्कन आत गेलं. त्यांना दिसलं नाही. बाईंना दिसलं. त्यांनी स्वस्तिक पुरं केलं.

जेवणं झाली. तेहतीस अनारशांच्या ताम्हनात वर गाडीची किल्ली ठेवून वाण दिलं. मग मंडळी सेक्टरला एक चक्कर मारायला खाली आली. मे महिन्याचं ऊन, गाडीचा एसी केव्हाच वारलेला. देवयानी पोट सांभाळत मागे डाव्या बाजूला बसली, तिने दारावरचं बटण दाबलं. काच हलली नाही. पुढच्या दोन्ही झरझर उतरल्या, ही जागची ढळेना.

यतीनने बाह्या सारल्या.

आता बाईंना हे सगळं पाठ होतं. शाळा चौथीपर्यंत, पण ही गाडी नीट करायला मोतीबागेचा करतार मिस्त्री यायचा, तेव्हा चहा द्यायला म्हणून जायच्या आणि तासभर तिथेच उभ्या राहायच्या. तो म्हणायचा, "माताजी, पहले बटन, फिर फ्यूज, फिर मोटर को कान लगाओ. दरवाज़ा सबसे आख़िर में." एक काच अडली, तर आधी शेजारची चालते का बघायची. दोन्ही अडल्या असतील तर रोग दारात नाही, त्या बटणाच्या कुलपात. कढी फुटली तर आधी ताक बघतात, चूल पाडत नाहीत, इतकं ते सोपं होतं.

आणि खरं सांगायचं तर बाई बोलायला पुढे झाल्यासुद्धा. "जावईबापू, आधी ते बटण..." इतकं म्हणाल्या.

"आई, राहू द्या," यतीन हसून म्हणाला. "हे इलेक्ट्रिकल आहे. तुम्हाला नाही कळायचं."

वरच्या तीन बाल्कन्यांतून लोक बघत होते. बाईंनी तोंड मिटलं. वर गेल्या, स्टूल आणलं, पन्हं आणलं, विष्णूची सगळी सोय केली आणि सावलीत जाऊन बसल्या.

मोटर जळली, असा निकाल यतीनने दुसरी काच न तपासताच दिला, आणि मोटर कशी चालते यावर बाल्कन्यांना ऐकू जाईल असं व्याख्यान दिलं. स्क्रू काढले. दाराचं आवरण ओढलं, तशा आतल्या प्लॅस्टिकच्या खुंट्या कडाकड तुटल्या. मिस्त्रीला बोलवू या का, असं तात्याराव पुटपुटले. बाई म्हणाल्या, "अहो, विष्णूच्या हातातलं चक्र काढून घेऊ नये." सगळे हसले. यतीनही हसला, त्याला ते कौतुक वाटलं.

देवयानी फुटपाथच्या कडेला पेपरने वारा घेत बसली होती. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. राहू दे आता, असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तो मान वळवूनही न बघता म्हणाला, "तू गप्प बस जरा." आणि काच धरून ठेवणारे दोन बोल्ट त्याने सैल केले.

काच दाराच्या पोटात धाडकन पडली आणि फुटली. खडीसाखरेसारखे खडे त्याच्या चपलांवर सांडले.

तो म्हणाला, काच आधीच तडकलेली असणार.

तेव्हा इंदुमतीबाई उठल्या. पदर खोचला नाही, घाई केली नाही. ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन एका बोटाने ते बारीक बटण दाबून वर घेतलं, आणि देवयानीला म्हणाल्या, मागच्या उजव्या दाराचं दाब बरं. देवयानी गुडघ्यावर हात ठेवून उठली, आत वाकली, बटण दाबलं. उजवीकडची काच लोण्यासारखी खाली गेली.

"कुलूप लागलं होतं, जावईबापू," बाई म्हणाल्या. "तुम्ही भिंत पाडलीत."

आणि मग देवयानी हसली. मोठ्याने नाही. नाकातून, एकदाच, ओठाचा एक कोपरा वर ओढून. उन्हाने, सातव्या महिन्याने आणि चार वर्षं ऐकलेल्या व्याख्यानांनी ते हसू तिच्याकडून काढून घेतलं. ते हुबेहूब तिच्या आईचं होतं.

यतीनने सासूचे टोमणे चार वर्षं पचवले होते. हे नाही पचलं. त्याने काचेचे खडे दोन्ही हातांनी गोळा केले, त्यात बोट कापलं, तरी सगळे वेचले. वर येऊन हात धुतले. किल्ली टेबलावर ठेवली. वाण टाकून गेलं तर घराला बरं नसतं, म्हणून अनारशांचा डबा मात्र घेतला. दोघांच्या पाया पडला.

"देवयानीला इथंच राहू दे," तो तात्यारावांना म्हणाला. "बाळंतपण इथंच करा." देवयानीकडे त्याने पाहिलं नाही, आणि डबा काखेत मारून बसच्या थांब्याकडे चालता झाला.

आठ दिवस झाले. फोन आला नाही. देवयानीने केला तर तो क्लासात आहे असं उत्तर मिळालं, तेही दोनदा शेजाऱ्याच्या तोंडून. नवव्या दिवशी दुपारी मायलेकी त्या लावलेल्या खोलीत दुपट्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"तुला माहीत होतं ना, आई?"

"सकाळपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायला गेले. मला कळत नाही म्हणाला."

देवयानीचे डोळे भरून आले. तू माझा संसार मोडलास, असं ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली.

इंदुमतीबाईंनी मान वर केली नाही. "काच त्यानं फोडली," त्या म्हणाल्या. "आणि मी तर हसलेसुद्धा नाही. हसलीस तू."

देवयानीच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. बाईंनी ते तिच्याकडून काढून घेतलं, नीट चौकोनी घडी घातली आणि चळतीवर ठेवलं.