नव्या मोहाचा पंडुम

लटारूने झाडाखालचं मोहाचं एक फूल उचललं, बोटांत दाबलं, नाकाशी नेलं आणि चार माणसांदेखत पुन्हा खाली टाकलं.

"अजून नाई," तो म्हणाला.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मोह तर पहाटेपासून टपटपत होता, फुलं रसाने टम्म भरलेली. पण लटारू गावाचा पेरमा, म्हणजे पुजारी. नव्या मोहाचा सण, पंडुम, कधी करायचा हे त्यानेच सांगायचं, आणि देवाला पहिलं फूल चढेपर्यंत गावात कुणी नवा मोह तोंडात घालायचा नाही. वेचायचा, अंगणात वाळत घालायचा आणि वाट पाहायची. यंदा देव लई चोखंदळ झाला, एवढं मात्र म्हातारा दसरू पुटपुटला. लटारूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

देवाचा यात काडीचा दोष नव्हता. दोष असलाच तर देवराव खोब्रागड्यांचा. रानातला मोह, चारोळी खरेदी करणाऱ्या एका संस्थेत ते कामाला होते. थंडी सरता सरता ते एटापल्लीहून सायकल हाणत आले, लटारूच्या बायकोच्या, सुकरीच्या हातचा मोहाचा लाडू खाल्ला आणि तिथल्या तिथे बेत सांगून मोकळे झाले. अंदमानात, भर समुद्रातल्या बेटावर, खाण्यापिण्याची मोठी जत्रा भरणार होती. ठिकठिकाणच्या रानातल्या बायका तिथे आपापलं रांधून लोकांना खाऊ घालणार होत्या, तर सुकरीबाईंनी यावं. सोबतीला देवरावांची बायको कमला होतीच. एटापल्लीहून एसटी, बल्लारशाहून मद्रासची गाडी आणि पुढे जहाज. मोहाची दारू काही जहाजावर चढू देणार नाहीत, तेव्हा प्यायला सरबत करू, असंही ते म्हणाले.

सुकरी हो म्हणाली. नवऱ्याकडे एकदाही न बघता म्हणाली, हे लटारूच्या मनाला लागलं.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. तिकडे नारळाची ताडी काढतात म्हणे, मासे नारळाच्या दुधात शिजवतात म्हणे. लटारू नुसता हूं हूं करी. गावात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. पुरात दोन्ही काठ गिळणारी नदी त्याने पाहिली होती, ती त्याला जन्माला पुरली होती. बायको त्या पाण्यापलीकडे गेली आणि परत आलीच नाही तर? जाऊ नको म्हणायची त्याची छाती नव्हती, कारण सुकरीने एकदा ठरवलं की ठरवलं. मग एके दिवशी त्याच्या डोक्यात आलं, की दोरी तर आपल्याच हातात आहे. पंडुमच झाला नाही तर ही लाडू कशाचे करणार? जायचा दिवस आपोआप टळेल आणि कुणी आपल्याला बोल लावणार नाही.

युक्ती नामी होती. पण देवाच्या नावावर त्याने आजवर कधी खोटं खपवलं नव्हतं. रोज झाडाखाली "अजून नाई" म्हणताना त्याला स्वतःचाच आवाज परका वाटू लागला होता.

त्या सकाळी तो घरी परतला आणि कुंपणापाशीच थबकला. सुकरी अंगणात चालायचा सराव करत होती. कमलाने पाठवलेल्या रबरी चपला तिच्या पायांत होत्या. उभ्या जन्मात तिने पायात काही घातलं नव्हतं. एक पाऊल टाकलं की चप्पल मागे राही, मग ती वळून तिला दटावी आणि पुन्हा पाय सरकवी. वाळत घातलेल्या मोहाला वळसा घालताना ती अडखळली, कशीबशी सावरली आणि एकटीच हसत सुटली. इतकं मोकळं हसताना लटारूने तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"उद्या पंडुम करतो," तो आत येत म्हणाला. "मोह तयार झाला."

म्हटलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. जाईना का आता बेटावर. निदान आपण आडवे आलो नाही.

सुकरी होती तिथेच उभी राहिली.

"उद्या? एकदम उद्याच?"

"मंग? तुले लाडूले मोह नाई पाहिजे का?"

"त्याले नवा मोह कायले पाहिजे? लाडू वाळल्या मोहाचेच होतेत ना. मागच्या सालचा कवाचाच बांधून ठेवला मी."

लटारू बघतच राहिला. जन्मभर हे लाडू खाल्ले, पण आजकाल कुणी मोह म्हटलं की या पेरम्याला देवाचा नवा मोहच तेवढा दिसायचा. घरात टोपलंभर जुना मोह आहे आणि त्याचा पंडुम गेल्या वर्षीच होऊन गेला आहे, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणजे इतके दिवस त्याने फक्त गावाला ताटकळत ठेवलं होतं. सुकरी तर कधीचीच निघाली होती. त्याला हसू फुटणार, एवढ्यात ती मटकन ओट्यावर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. देवाचा नैवेद्य दरवर्षी पेरम्याची बायको रांधते. लग्न होऊन आल्यापासून तिने एकही चुकवला नव्हता.

"मले वाटलं, तू रुसला माह्यावर," ती म्हणाली. "रोज अजून नाई, अजून नाई. मी गेल्यावर करशील, माह्याबिगर. मी कोणाले बोलली नाई, पन जीव नुसता खाली-वर होऊन राह्यला होता."

लटारूने तोंड उघडलं. खरं काय ते सांगून टाकावं असं वाटलं, पण ती इतक्या सुटल्या जिवाने त्याच्याकडे बघत होती की ते ओठांवर येईना. तो तिच्या शेजारी टेकला.

"नाई," तो म्हणाला. "तुह्याबिगर केला नसता."

यात एक शब्दही खोटा नव्हता.