सतरंजीवरचा सदोबा

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही जमिनीवर पालथे पडला आहात. पाठीवर निळे-तांबडे पट्टे आहेत आणि त्यांवर पाच-सहा माणसे बसून मेथीच्या जुड्या बांधत आहेत. त्यांचे चेहरे तुम्हाला दिसत नाहीत. पण कोण ऐसपैस बसले आहे आणि कोण अंग चोरून, हे बरोबर कळते. जमले? मग माझे आयुष्यही तुम्हाला कळेल. मी अकोटच्या मागावर विणलेली एक जुनी सतरंजी आहे.

अकोल्याच्या बाजारात वलगावच्या तानुबाईंनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिले, उन्हाकडे धरून भोके शोधली आणि मगच घेतले. त्यांचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता. दुपारी मला आंब्याखाली अंथरत. सासरे शालिकराम, तानुबाई आणि शेजारच्या बाया जुड्या बांधत आणि तानुबाईंची चौथीतली मुलगी वच्छला पुस्तक वाची.

पुस्तक सदोबा हेराचे होते. त्याच्या गोष्टी वीस वर्षांपासून लोक वाचत होते. सदोबा टकला, सावकाश चालणारा, बगलेत छत्री. तो कधी कोणावर हात उगारत नसे. ज्याच्यावर संशय, त्याच्याजवळ जाऊन बसे आणि आधी त्यालाच विचारी. हवेलीतल्या हाराची गोष्ट शालिकराम महिन्यातून एकदा तरी वाचून घेत. त्यात सगळे माळ्याला चोर ठरवतात आणि सदोबा एकटा वाफ्याच्या कडेला बसून त्याचे म्हणणे ऐकतो. चोर निघतो मालकाचाच पुतण्या. ती गोष्ट चालू असताना शालिकराम मांडी मोडून पाय लांब करीत.

एका वर्षी ते पाय लांब होईनासे झाले. गावातले मोठे शेतकरी खुशालराव यांच्या घरी शालिकराम रोज पूजेची फुले देत. तिथल्या देवघरातली चांदीची वाटी नाहीशी झाली. शालिकरामांना कोणी एक शब्द बोलले नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून फुलांची परडी बाहेरच्या पायरीवर ठेवायला सांगितले. एवढ्यावरून गाव काय समजायचे ते समजले.

त्याच आठवड्यात बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागला. चित्र होते सदोबाचे, आणि गोष्ट तीच, हवेलीतल्या हाराची. शालिकराम घरोघरी सांगत फिरले, ‘याच, पहा.’ स्वतःबद्दल ते काही बोलले नाहीत. जे सांगायचे ते सदोबा सांगेल, असे त्यांना वाटले असावे.

त्या काळी सिनेमा मुका होता. मधूनमधून पडद्यावर अक्षरांची पाटी येई आणि ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची. दिवेलागणीला मला तंबूत पुढे अंथरले. आमच्या बाजूचे वाचन वच्छलाकडे आले. मी काही पाहिले नाही, मी खाली होते. पण तिचा आवाज ऐकत होते.

“आबाजी, हा आपला सदोबा नाई,” ती आजोबांना हळूच म्हणाली. “घोड्यावर हाये. छत्री नाई, चाबूक हाये.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सदोबाने म्हणे चौघांना लोळवले, नदीत उडी मारली. कोणाजवळ बसला मात्र नाही. मग एक पाटी आली आणि वच्छला गप्प झाली.

“वाच ना वं पोरी,” मागून कोणी म्हणाले. “थांबली कावून? आमाले का अक्षरं येतात?”

तिने दुसरे काहीही वाचून दाखवले असते तरी कोणाला कळले नसते. शालिकरामांची बोटे माझ्या दशांत रुतली होती.

“लिहिलं हाये, माळीच चोर हाये,” ती म्हणाली. आणि मग आणखी मोठ्याने, “हे पाटीवर हाये. पुस्तकात असं नाई.”

“घ्या, सदोबालेच सापडला,” मागचा माणूस म्हणाला आणि तंबू हसला. शालिकराम उठले. मला त्यांनी स्वतःच गुंडाळले.

आता माझी किनार उसवली आहे, एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे. ती वाटी कोणी नेली, हे मला कधीच कळले नाही. मित्रांनो, जुन्या सतरंजीला अधूनमधून ऊन दाखवा, घडी बदलून ठेवा. आणि जुनी गोष्ट हाती घेतलीत, तर ज्या माणसांनी ती जपून ऐकली त्यांची थोडी आठवण ठेवा. पण तंबूनंतरची सकाळ सांगायची राहिली.

त्या सकाळी वच्छलाने मला डोक्यावर घेतले आणि चावडीसमोर नेऊन अंथरले. ओट्यावर खुशालराव बसले होते. ती मोठ्याने हाराची गोष्ट वाचू लागली. रात्री हसलेले लोक एकेक करून माझ्यावर येऊन बसले. परडी घेऊन जाणारे शालिकरामही कडेला टेकले, अगदी अंग चोरून. सदोबा हवेलीच्या मालकाला विचारतो, ‘तुम्ही या माणसाला स्वतः काही विचारले का?’ तिथवर आल्यावर वच्छलाने पानात बोट घालून पुस्तक मिटले.

“खुशालरावजी,” ती म्हणाली, “आमच्या आबाजीले तुमी काई इचारलं काय?”

लोक म्हणाले, पुढे वाच. तिने पुस्तक उघडले नाही. मग ओट्यावरून खुशालरावांची पावले खाली उतरली आणि माझ्या कडेशी येऊन थांबली. वच्छला थोडी सरकली आणि तिने त्यांना आबाजींच्या शेजारी बसायला जागा करून दिली.