खिशाखालचा टाका

चौकीसमोरच्या दुकानात ताई पोलिसांच्या वर्द्या शिवायची. कापड सरकारी, मापं शिपायांची आणि तोंड तिचं स्वतःचं. "पोट आत ओढून माप देऊ नका, बटणं काही तुमच्या हुकुमात नाहीत," असं ती भल्याभल्या हवालदारांना सुनवायची. तेही निमूट ऐकून घ्यायचे, कारण तिच्या हातची शिवण वर्षानुवर्षं उसवत नसे. शिपाई निवृत्त होई, वर्दी मात्र तशीच धडधाकट राही.

त्या सगळ्या वर्द्यांमध्ये एक वर्दी तिच्या जिवाची होती. ती तिच्या धाकट्या भावाची, सोन्याची. आईवडील लवकर गेले, तेव्हा हा एवढासा होता. ताईने त्याला तळहाताच्या फोडासारखा जपला. मशीनच्या पायडलवर पाय ठेवून त्याचा अभ्यास घेतला, स्वतःचं लग्न आज करू, उद्या करू म्हणत शेवटी केलंच नाही. त्याचं बटण निघालं की तो काही न बोलता हात पुढे करायचा आणि ती बाहीला टोचून ठेवलेली सुई काढायची. पुढे तो पोलिसात लागला, मिशी आली, तरी ही सवय काही गेली नाही. चौकीतून रस्ता ओलांडून यायचा, दारातच मनगट पुढे करायचा आणि ताई दोऱ्याला दात लावता लावता त्याला शिव्या घालायची. शिव्या घालताना ती खुशीत असायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मध्यंतरी पोलिसांविरुद्ध फार ओरड झाली. कोणी साधा जाब विचारला तरी 'पोलिसावर हात टाकला' म्हणून आत घालायचे, आणि त्याला पोलिसाचा नुसता शब्द पुरायचा. म्हणून नवे नियम आले. प्रत्येकाच्या छातीवर नावाची पट्टी हवी. हल्ला झाला म्हणता, तर फाटकी वर्दी पुरावा म्हणून दाखवा. आणि तक्रारी ऐकायला बाहेरच्या माणसांची समिती. ताईला कोण आनंद झाला. "आता तुमच्यातल्या नासक्यांची खैर नाही," ती सोन्याला म्हणाली. सोन्या हसला. "ताई, मी नासका आहे का?" ताईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तिचा सोन्या आणि नासका! असली कल्पना करायलाही वेगळं डोकं लागतं, ते तिच्याकडे नव्हतं.

नावाच्या पट्ट्या शिवायचं काम तिच्याकडेच आलं. सोन्या म्हणाला, "शिवू नकोस, चिकटणारी पट्टी लाव. वर्दी धुताना अक्षरं जातात, ही काढून ठेवता येईल." ताईला पटलं. तिने सगळ्यांनाच तशी लावून दिली.

मग एका दुपारी तो कागदात गुंडाळलेला शर्ट घेऊन आला. तिनेच शिवलेला, चांगला मजबूत शर्ट.

"ताई, हा जरा फाडून दे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"अगं, भांडारात जमा करायचाय. फाटका असल्याशिवाय नवीन देत नाहीत. मी ओढून पाहिला, फाटतच नाही. तू शिवलेला ना!"

आता भावाने असं म्हटल्यावर कोणती बहीण नाही म्हणेल? सरकारी खातं म्हणजे असले उफराटे कायदे असणारच, असं ती पुटपुटली. खिसा खालच्या कोपऱ्यातून उसवला, तिथून कापड टरकावलं, एक बटण कापडासकट उपटलं. सोन्या रस्त्याकडे बघत उभा होता. आणि तेवढ्यात तिच्या हाताने नेहमीचं काम केलं. फाट आणखी खाली जाऊ नये म्हणून तिच्या टोकाला आडवे टाके घातले, गाठ मारली, दोरा तोडला. जन्मभर ती हेच करत आली होती. फाटका कपडा दुकानात आला की आधी फाट अडवायची, रफू मग सावकाश. हाताला कुठे कळतंय की हा कपडा दुरुस्तीला आलेला नाही!

सोन्याने न बघताच शर्ट गुंडाळला आणि गेला.

संध्याकाळी गल्लीत बातमी आली. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांना सकाळी बाजारात पोलिसांनी उचललं होतं. तिथे कोणी शिपायाने एका हातगाडीवालीच्या कानाखाली वाजवली. काका मध्ये पडले आणि म्हणाले, "तुमच्या नावाची पट्टी कुठे आहे?" बस, एवढंच. आता पोलीस म्हणत होते की काकांनी शिपायावर हल्ला केला, त्याची वर्दी फाडली.

ताईच्या काळजात काहीतरी हललं. सोन्या जेवायला आला तेव्हा तिने विचारलंच. "तू होतास का रे तिथे?"

"मी? छे. दुसराच कोणीतरी होता." त्याने ताटातून मान वर केली नाही. भूक लागली असेल, असं ताईने मनाशी म्हटलं.

सायकलवाल्यांची बायको रडत दुकानात आली. नवऱ्याला एकदाच लांबून बघू दिलं होतं. हात प्लास्टरमध्ये होता. बोलायची सोय नव्हती, मध्ये शिपाई उभा. "तुमचा भाऊ चौकीत आहे ना, त्याला विचारा की कोण होता तो," ती म्हणाली. ताई तिच्या डोळ्यांत बघून ठामपणे म्हणाली, "काकू, माझा सोन्या तिथे नव्हताच. असता तर असं होऊच दिलं नसतं." समितीपुढे तक्रार कर, असं ताईनेच तिला सुचवलं. सुनावणीला सोबत येते, असंही तीच म्हणाली.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. समोर टेबलामागे अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, आणि शेजारी समितीचे दोघे. भिंतीशी चौकीचे साहेब. एका बाजूला काका, गळ्यात हात अडकवलेला, गाल आत गेलेले. त्यांनी ताईकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घेतली. त्या पाहण्याचा अर्थ ताईला तेव्हा कळला नाही.

"हल्ला झालेल्या शिपायाला बोलवा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आणि सोन्या आत आला.

ताईला वाटलं, आपलंच काही चुकतंय. तो कोणाला तरी सोबत घेऊन आला असेल. पण तो सरळ जाऊन टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "यांनी माझी गचांडी धरली. खिसा फाडला. बटण तोडलं. झटापटीत पडले, त्यात त्यांचा हात मोडला." पाठ केलेल्या धड्यासारखं त्याने सगळं म्हटलं. मग पारदर्शक पिशवीतला शर्ट टेबलावर आला.

मागच्या बाकावरूनही तिला तो शर्ट ओळखू आला. कोणती आई आपलं लेकरू ओळखत नाही? बाजूला काकूने तिचा हात घट्ट धरला होता, आधारासाठी. तो आधार ताईच्या हाताला भाजत होता.

चहाची सुट्टी झाली तेव्हा तिने सोन्याला नळाजवळ गाठलं.

"तू तिथे नव्हतास ना?"

त्याने नळ सोडून तोंडावर पाणी मारलं.

"माझ्या हातून फाडून घेतलास. माझ्या हातून, सोन्या!"

"हळू बोल, ताई. पूर्वी नुसतं सांगितलं की भागायचं. आता कपडा दाखवावा लागतो. साहेब म्हणाले, संध्याकाळच्या आत आण. मी कोणाकडे जाणार होतो? माझा तुझ्यावर जेवढा विश्वास आहे तेवढा कोणावर नाही."

विश्वास! ताईला हसावं की त्याचं थोबाड फोडावं, कळेना. "आणि त्यांचा हात?"

"चौकीत… सगळेच होते. मी एकटा नव्हतो."

एकटा नव्हतो, म्हणे. लहानपणी काच फुटली तेव्हाही तो हेच म्हणाला होता, आणि तेव्हा ताईने ती काच आपल्या नावावर घेतलीही होती. पण काच वेगळी आणि माणसाचं हाड वेगळं. तिला त्याचा भयंकर राग आला होता. तरी माया कुठे मरते? तिला वाटलं, त्याच्याच तोंडून खरं बाहेर आलं, तर त्याचं थोडंतरी निभावेल.

"ऐक. फाटेच्या टोकाला मी टाके घातलेत. सवयीने. खिशाखाली, आतल्या बाजूला. झटापटीत फाटलेल्या कपड्याला टाके कुठून आले, हे आज ना उद्या कोणीतरी विचारणारच. त्याआधी तू स्वतः सांग. मी तोवर तोंड उघडत नाही. तू सांगितलंस की मी तुझ्या शेजारी उभी राहीन."

सोन्याचा चेहरा पडला. "सांगतो," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर सांगतो, ताई." त्याचे डोळे भरून आले होते. मग तो साहेबांच्या माणसाशी काही बोलायला बाजूला गेला.

ताई जागेवर येऊन बसली. दुःख होतंच, पण त्यात अभिमानाचाही एक कण होता. चुकला, पण शेवटी माझाच आहे, असं तिला वाटलं. वेडी बाई.

सुट्टी संपली. सोन्या उठला. "मला आणखी सांगायचंय."

ताईने श्वास रोखला.

"या शर्टाला आतून टाके घातलेले आहेत," तो म्हणाला. "झटापटीत फाटल्यावर शर्ट मी बहिणीकडे ठेवायला दिला होता. ती शिंपीण आहे. सायकलवाले तिचे शेजारी, तिचं त्यांच्याशी घरोब्याचं. त्यांना वाचवायला तिने नंतर हे टाके घातले, पुरावा खोटा दिसावा म्हणून. मला आत्ताच सुट्टीत कळलं. ती माझी बहीण आहे, म्हणून सांगायला जड जातंय."

आणि तो रडला. खरे अश्रू होते, ही त्यातली कमाल. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तो केसही ताईनेच त्याच्या हातात दिला होता.

काकूचा हात तिच्या हातातून सुटला.

अध्यक्षबाईंनी पिशवीतून शर्ट काढला, उलटा केला, चष्मा सरकवून पाहिला. मग ताईला पुढे बोलावलं. "हे टाके तुमचे?"

"माझे."

"कधी घातलेत?"

"फाडला तेव्हाच. फाडलाही मीच. याने आणून दिला, म्हणाला भांडारात जमा करायचाय. आणला तेव्हा धड होता." ती अध्यक्षबाईंकडे वळली. "मला कोणाला वाचवायचं असतं तर याला वाचवलं असतं, बाई. टाक्यांचं याला सुट्टीत मीच सांगितलं. खरं बोलायला संधी मिळावी म्हणून."

सोन्या भिंतीकडे बघत होता, त्या दुपारी रस्त्याकडे बघत होता तसाच.

समितीचे तिघे बराच वेळ आपापसांत बोलले. मग अध्यक्षबाईंनी सांगितलं की या शर्टाच्या भरवशावर हल्ल्याचा गुन्हा उभा राहत नाही. पुरावा टिकला नाही तर माणूस सोडवायचा अधिकार समितीला होता, म्हणून सायकलवाल्यांना आज घरी जाऊ द्यावं. काकू मोठ्याने रडू लागली. काका तसेच उभे होते.

"आणि हात मोडला त्याचं?" ताईने विचारलं.

"त्याची चौकशी व्हावी, अशी शिफारस करू. पुराव्याशी छेडछाड कोणी केली, तुम्ही की तुमच्या भावाने, त्याचीही." बाई जरा अडखळल्या. "त्यापुढे आम्हाला फक्त शिफारस करता येते."

"मग चौकशी कोण करणार?"

"नियमाप्रमाणे, संबंधित चौकी."

"म्हणजे माझ्या दुकानासमोरची? ज्यांनी हात मोडला, तेच विचारणार की हात कोणी मोडला?" ताईला आता कशाचीच भीड राहिली नव्हती. "बाई, तुम्ही पट्टी लावा म्हटलंत, यांनी निघणारी लावली. फाटकी वर्दी मागितलीत, यांनी फाडून आणली. ती पट्टीही मीच लावली आणि वर्दीही मीच फाडली. नियम कितीही करा. जोवर यांची चौकशी यांच्याच घरात होते, तोवर माझ्यासारख्या कोणाच्या तरी हातून हे सगळं करून घेतील."

अध्यक्षबाईंनी हे लिहून घ्यायला सांगितलं. तेही शिफारशीतच गेलं असणार.

बाहेर पायऱ्यांवर काका थांबले होते. "निरोप पाठवता आला असता, पण तुमचा भाऊ आहे म्हणून मी घरी नाव कळवलं नाही," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला काय वाटेल." ताईला आत्ता कुठे त्यांच्या त्या पाहण्याचा अर्थ लागला. ज्याचा हात मोडला, त्याने तिची काळजी केली होती. तिने दोन्ही हात जोडले. काकू तिच्याकडे न बघता नवऱ्याला घेऊन चालू लागली, आणि त्यात तिचं काही चुकलं असं ताईला वाटलं नाही.

मागून सोन्या आला. डोळे लाल, टोपी हातात. "ताई, साहेब समोर होते. माझी नोकरी गेली असती. तुला काय होणार आहे? तू तर बाहेरची. दोन दिवस विचारतील आणि सोडून देतील. मी सांगतो ना त्यांना."

त्याच्या मनगटाचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. तिची नजर तिथे गेलेली त्याने पाहिली, आणि लहानपणापासूनच्या सवयीने, काही विचार न करता, त्याने मनगट पुढे केलं.

ताईचा हात बाहीवरच्या सुईकडे गेला. अर्ध्यावर तिने तो थांबवला.

"राहू दे लोंबत," ती म्हणाली. "पुढच्या केसला लागेल."

त्याचं मनगट तसंच पुढे राहिलं. ताई पायऱ्या उतरली आणि दुकानाकडे न वळता दुसऱ्या रस्त्याने घरी गेली.