अठ्ठ्याऐंशी चौकटी

माझ्या विणकामाच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी सांगून टाकते, "समोर दिसतं तेच विणायचं. स्वतःची अक्कल पाजळायची नाही." तीस वर्षं शिकवतेय, उलट बोलायची कोणाची टाप नाही. आणखी एक, टाके किती घालायचे तो आकडा मी कधी सांगत नाही. नमुन्यातल्या चौकटी मोजा आणि तेवढे टाके सुईवर घाला. मोजताना नमुना डोक्यात बसतो, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वी मी नमुना कागदावर काढायची. कागद एक आणि बायका आठ, डोक्यावर डोकी आपटायची. म्हणून यंदा तो कॉम्प्युटरवर काढला. बाळाचं पांघरूण, मधे बदकांची रांग, चारही बाजूंनी कड. तो बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर दाखवायचा, म्हणजे सगळ्यांना बसल्या जागी दिसेल.

जोडाजोडीचं काम अर्थातच आमच्या ह्यांचं. ह्यांनी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले, त्यामुळे केसभर फरक दिसला तरी जेवण गोड लागत नाही. केबल लावली, चित्र आलं, पण ती बदकं आहेत की बटाटे तेच कळेना. चौकटी तर एकमेकींत कालवल्यासारख्या दिसत होत्या.

"कॉम्प्युटर लहान मापाचं चित्र पाठवतोय आणि टीव्ही ते ताणतोय," हे म्हणाले आणि दोन दिवस कॉम्प्युटरची मापं बदलत बसले. मधूनच पडदा काळा व्हायचा, की हे मला हाक मारायचे, जणू मीच फुंकर घातलीय. शेवटी माप जुळलं. आहाहा! एकेक चौकट सुईच्या टोकाने आखल्यासारखी.

"बाकी सगळं झकास," हे म्हणाले, "पण कॉम्प्युटरवर खाली कोपऱ्यात घड्याळ असतं ना, ते टीव्हीवर दिसत नाहीये."

"भिंतीवर एवढं मोठं घड्याळ आहे, ते बघा."

पुढचे तीन आठवडे हे रोज घड्याळाचं तुणतुणं वाजवत होते आणि मी रोज ह्यांना गप्प करत होते.

आठ बायकांत सात जुन्या, मुरलेल्या. आठवी माझी धाकटी जाऊ. वरच्याच मजल्यावर राहते. आयुष्यात पहिल्यांदा सुया हातात घेतल्या होत्या, कारण तिच्या लेकीला पुढच्या महिन्यात बाळ व्हायचं होतं. पहिलं पांघरूण आपल्या हातचं असावं एवढीच तिची हौस. बाजारात हवी तेवढी मिळतात म्हणून घरचे हसले होते, तरी ती हटली नव्हती.

पहिल्या आठवड्यात तिचं विणकाम हातात घेतलं तर दोन्ही बाजूंना कडच नाही, त्यामुळे त्या गुंडाळून आत वळलेल्या. "अगं, खालची कड घातलीस, मग बाजूच्या काय वाऱ्याने उडाल्या? उसव."

तिने उसवलं. दुसऱ्या आठवड्यात तेच. परत उसवायला लावलं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ऐंशी टाके आणि बाजूला कडेचा पत्ता नाही, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"कड नमुन्यात धडधडीत दिसतेय! डोळे घरी ठेवून येतेस का?"

"मी मोजूनच घातले, ताई."

"मोठ्याने बोल, ऐकू आलं नाही."

खोलीत सगळ्यांच्या सुया थांबल्या. तिने तिथेच बसून सगळं उसवलं, लोकर गुंडाळून पिशवीत भरली आणि दारात जाऊन म्हणाली, "माझ्या हाताला गुणच नाही बहुतेक." पुढच्या वर्गाला ती आली नाही. मला वाईट वाटलं, पण चूक तिचीच होती ना!

रविवारी सकाळी ह्यांनी मला हाक मारली. रिमोट हातात, चेहरा नवरदेवासारखा. "सापडलं! दोष कॉम्प्युटरचा नाहीच. टीव्ही चित्र किंचित मोठं करून चारही बाजूंनी कापत होता. टीव्हीच्या मेनूतच आहे बघ, चित्राचा आकार." ह्यांनी बटण दाबलं. चित्र जरासं आक्रसलं आणि खाली कोपऱ्यात घड्याळ आलं.

मी घड्याळाकडे बघितलंच नाही. नमुन्याच्या डावीकडे चार चौकटी आत आल्या होत्या आणि उजवीकडे चार. माझ्या कडा! नमुना रुंदीला पडदाभर होता, वर-खाली जागा होती म्हणून तिथल्या कडा वाचल्या होत्या. मी शिकवताना कॉम्प्युटरपाशी बसायची, त्यामुळे मला त्या रोज दिसत होत्या. पहिल्या दिवशी चित्र स्वच्छ दिसलं, त्यानंतर टीव्हीकडे मान वळवून मी एकदाही बघितलं नव्हतं. बोट लावून मोजलं. अठ्ठ्याऐंशी. म्हणजे ती बिचारी तीन आठवडे बरोबर मोजत होती.

मग बाकीच्या सात जणींनी कडा आणल्या कुठून? एकीला फोन लावला.

"टीव्हीत नव्हत्याच," ती म्हणाली. "म्हटलं तुम्ही काढायला विसरलात. आपण नेहमी चार-चार घालतोच की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला? कोण सांगणार?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच वरच्या मजल्यावर गेले. जावेने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वर्गात सगळ्यांसमोर बोललात, आता हेही वर्गातच बोला."

सोमवारी मी टीव्हीसमोर उभी राहिले. "समोर दिसतं तेच विणणारी या वर्गात एकच बाई निघाली," मी म्हणाले, "आणि तिलाच मी तीनदा उसवायला लावलं. चूक माझी होती."

"ताई," मागच्या रांगेतून जावेचा आवाज आला, "मोठ्याने बोला, ऐकू आलं नाही."

सगळ्या बायका खाली माना घालून हसू दाबत होत्या. मी इतक्या मोठ्याने म्हणाले, की हे स्वयंपाकघरातून बाहेर आले.

तेव्हा कुठे तिने पिशवी उघडली. घरी बसून, डोक्यात बसलेल्या नमुन्यावरून तिने चौथ्यांदा विणलं होतं आणि या वेळी पुरं केलं होतं. पुन्हा ऐंशीच टाके. बदकं एकसारखी, एकही टाका निसटलेला नाही, फक्त दोन्ही बाजू गुंडाळलेल्या.

"हे मी उसवणार नाही," ती म्हणाली.

"कोण उसवायला सांगतंय? बाजूचे टाके उचलून कड विणता येते."

मी मागच्या रांगेत तिच्याशेजारी बसले. एक बाजू मी मांडीवर घेतली, दुसरी तिने. तिने सुई लावली आणि माझ्याकडे बघितलं.

"किती रुंद विणायची?"

टीव्ही समोर होता. चौकटी लख्ख दिसत होत्या. मोज की, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"चार," मी सांगितलं.