बातमीत फक्त वस्ती आली

देवरी तालुक्यातल्या एका खेड्यात सुमनबाई अकरा वर्षांपासून शाळेची खिचडी शिजवत होत्या. त्या गुरुवारीही त्यांनी तांदूळ निवडले, डाळ धुतली, पहिला घास स्वतः खाल्ला आणि मग पोरांना वाढलं. तासाभरात नऊ पोरांना उलट्या सुरू झाल्या. देवरीच्या दवाखान्यात सुमनबाई दिवस मावळेपर्यंत गावातल्या रुख्माच्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. सगळी पोरं वाचली.

घरी आल्या तर दारात टेकचंद उभा. मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवणारा. न विचारता तो आत शिरला, चूल टिपली, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो टिपला.

"बाई, इधर देखो. खिचडीत काय टाकलं होतं?"

"डाळ, तेल, मीठ. मीबी तेच खाल्लं, भाऊ."

हे उत्तर त्यानं कापून टाकलं. बातमी झळकली : 'बौद्ध वस्तीतल्या बाईची खिचडी, नऊ मुलं मरणाच्या दारात!'

दुसऱ्या दिवशी रुख्मा त्यांना पाहून रस्त्याच्या पलीकडे गेली. शाळा समितीचा अध्यक्ष यादोराव म्हणाला, "लोक भडकून आहेत. तू येऊ नको."

बारा दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. खिचडी चांगली होती. शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत कबुतर सडलं होतं. टाकी साफ करून घेण्याचं काम समितीचं, म्हणजे यादोरावचं. टेकचंदनं त्यावर एक ओळ केली नाही. सुमनबाईंना शाळेत कामावर परत बोलावलं, त्या दिवशी मात्र तो मोबाइल घेऊन हजर.

"बाई, हात जोडा. म्हणा, माझ्या मनात कोणाबद्दल राग नाही. बातमीचा शेवट गोड होते."

यादोराव बाजूला हसत उभा होता. सुमनबाईंची मुलगी समीक्षा पुढे झाली. देवरीच्या कॉलेजात शिकणारी. तिनं आपला मोबाइल टेकचंदसमोर धरला.

"भाऊ, ही तुमचीच मागच्या सालची बातमी. यादोरावकाकाच्या घरच्या लग्नात चाळीस लोक आजारी पडले. 'लग्नाच्या जेवणातून विषबाधा'. ना नाव, ना जात, ना मोहल्ला. मग माझ्या मायच्या बातमीत वस्ती काऊन आली?"

"लोक तसंच पाहतात. मी काय करू?"

"तुमी दाखवता म्हनून पाहतात!"

"पोरी," यादोराव गुरगुरला, "मायले काम पाहिजे ना?"

अकरा वर्षांत सुमनबाई या माणसासमोर मान वर करून बोलल्या नव्हत्या.

"काम पाहिजे," त्या म्हणाल्या. "पन हात नाई जोडत. मले राग आहे. तुह्या बातमीचा आहे, ह्या अध्यक्षायचा आहे. हे दाखव. टाकी कोनाच्या जिम्म्यात होती, तेबी दाखव."

टेकचंदनं मोबाइल बंद केला.

"कायले बंद केला? आता तर मी खरं सांगून राहिली!"

सुमनबाई आत गेल्या, गॅस पेटवला. त्या दुपारी साठातल्या वीसच पोरांनी ताट पुढे केलं. समीक्षानं अहवाल जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार पाठवली. उत्तर अजून आलेलं नाही.

ती पहिली दोन मिनिटांची बातमी मात्र अजून फिरते आहे. कदाचित तुमच्याकडेही आली असेल आणि तुम्ही ती पुढे पाठवली असेल. पाठवताना, त्यात एका बाईची वस्ती का लिहिली आहे, असं तुम्हाला विचारावंसं वाटलं होतं का?